पुढच्या रविवारी कोण राहणार

माझी मुलगी सहा-सात वर्षांची असताना केबलच्या कुठल्याशा चॅनेलवर ती जुनी जादूची मालिका पुन्हा दाखवायला लागले. सुट्टीच्या दिवशी, बरोबर जेवणाच्या वेळी. पडद्यावर धुराच्या लोटातून एक तरुण सरदार घोड्यावरून आला आणि मुलीने घास हातात तसाच धरून विचारलं, "आई, हा मरणार का गं?" मी पोळ्या करत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही. त्याची आई अजून दाखवलेली नाही."

म्हणाले आणि तिथेच थबकले. वाक्य माझं नव्हतं, दादाचं होतं. दहा वर्षांहून जास्त काळ ते माझ्या आत कुठे बसून राहिलं होतं कोण जाणे, असं तयार, घडी घातलेलं बाहेर आलं. तव्यावरची पोळी करपली. मुलगी "म्हणजे काय?", "म्हणजे काय?" करत मागे लागली. तिला मी तेव्हा काही सांगितलं नाही. सांगायला सुरुवात केली असती तर शेवटापर्यंत जावं लागलं असतं, आणि तिचं जेवण व्हायचं होतं.

आम्ही तेव्हा पंचवटीत राहायचो. कारंजापासून आत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या तीन खोल्यांत. आई, अण्णा, दादा आणि मी. अण्णा म्हणजे आमचे वडील. ते रामकुंडावर गुरुजी होते. कुणी गुरुजी सत्यनारायण सांगतात, कुणी लग्नं लावतात. अण्णांकडे यायची ती मागे राहिलेली माणसं. कलशात अस्थी घेऊन आलेली, नाहीतर दहाव्याला बसलेली. जिल्ह्याच्या कुठकुठल्या गावांहून ट्रॅक्टरने, जीपने यायची. गेलेल्या माणसाचं पुढचं सगळं अण्णा करून द्यायचे. भरल्या आवाजाच्या माणसांना हाताला धरून पाण्यापर्यंत न्यायचे. त्यांच्या कामात खोट काढणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

पण म्हणतात ना, गरज सरो आणि वैद्य मरो. दहाव्याला पाया पडणारी माणसं महिन्याभरात रस्त्यात दिसली की नजर चुकवायची. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. अण्णांचा चेहरा पाहिला की त्यांना आपला तो दिवस आठवायचा. लग्नामुंजीची बोलावणी आम्हाला यायची, पण "वहिनींना आणि मुलांना नक्की पाठवा" अशी. अण्णांनी यावं असं कुणी म्हणायचं नाही, आणि अण्णाही तो प्रसंग कुणावर येऊ द्यायचे नाहीत. मला त्या बोलावण्यांची फार चीड यायची. जेवायला मात्र मी जायचे.

घाटावरून आले की अण्णा खालच्या नळावर पुन्हा आंघोळ करायचे, ओलेत्यानेच जिना चढायचे आणि आई दारात कोरडं धोतर ठेवून बाजूला व्हायची. "घाटावरचं घाटावर," हा त्यांचा एक ठरलेला शब्द. घरात मरणाचं नाव काढायचं नाही. मेला, मरणार, मर मेल्या, यातलं काही चालायचं नाही. दुसऱ्यांच्या घरी मुलं सर्रास एकमेकांचे मुडदे पाडायची. आमच्याकडे साधी माशी मारली तरी आई म्हणायची, "माशी उडवली."

त्यामुळे रविवारी सकाळी मालिका लागली की आमच्या घरात जो खेळ चालायचा त्याची भाषाही वेगळी होती. अमका मरणार असं म्हणायचं नाही. कोण राहणार आणि कोण जाणार, एवढंच. रविवारी लोकांना सुट्टी, म्हणजे अण्णांना घाटावर सर्वांत जास्त काम. म्हणून ती मालिका त्यांनी कधी पाहिली नाही. ते तिकडे गेलेल्यांना पोचवत असायचे आणि आम्ही इकडे जाणाऱ्यांची नावं काढत बसायचो.

खेळाचा मालक दादा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. भिंतीला दोन उशा लावून तो बसायचा, कारण सपाट झोपलं की त्याला धाप लागायची. समोर मी, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गहू निवडत, आणि फुलवाली मावशी. या मावशी मखमलाबादच्या. घरच्या मळ्यातली शेवंती, झेंडू घेऊन घाटावर बसायच्या. रविवारी पाटी लवकर रिकामी व्हायची, मग ती आमच्या दाराबाहेर पालथी घालून आत यायच्या. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. चेटकिणीचा पदर हिरवा की जांभळा यावर दादा आणि मावशींना अर्धा अर्धा तास भांडताना मी पाहिलं आहे.

दादाचे नियम होते. मोठ्याने शपथ घेणारा शपथ पुरी होईपर्यंत राहतो. ज्याचा मुकुट नवा आणि वजनदार तो राहतो. एवढा खर्च करून त्याला लगेच घालवणं मालिकावाल्यांना परवडत नाही. डाव्या खांद्यावर उसवलेलं एक चामडी चिलखत होतं, ते ज्याच्या अंगात दिसेल त्याने आवराआवर करावी. त्या चिलखताने तिघांना घालवलं होतं. जेवताना हसणारा शिपाई जातो. ज्याची आई दाखवली नाही तो सुरक्षित, आणि आई दारात ओवाळायला आली, डोळ्यांत पाणी आलं, की पुढचा रविवार त्याचा नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. दादा क्वचितच चुकायचा.

मावशींचा मात्र एकच नियम. सगळे राहणार.

"नाय रे बाबा," त्या म्हणायच्या. "एवढा देखणा पोरगा कसा जाईल? त्याच्या आईनं काय करायचं मग?"

"मावशी, त्याची आई आजच दाखवली. संपलं."

"तुझ्या तोंडाला काही हाड हाय का?"

पुढच्या रविवारी तो देखणा पोरगा दरीत पडायचा आणि मावशी दादाकडे असं बघायच्या, जणू धक्का त्यानेच दिला. हरल्याबद्दल मावशी मला शेवंतीची वेणी द्यायच्या. दादा जिंकायचा आणि वेणी मला, हा न्याय कुणी ठरवला होता ते माहीत नाही.

सगळ्यांत मोठा नियम त्याने शेवटी शेवटी शोधला. ज्याला भेटायला सगळे येतात, तो जातो. मालिकेत लढाईच्या आधी एखादा माणूस तंबूत एकटा बसलेला असायचा. आधी मित्र यायचा, जुनं काहीतरी काढून हसायचा. मग जखमी नोकर, मग भावजय, मग ज्याच्याशी वैर होतं तोही येऊन खांद्यावर हात ठेवायचा. दादा उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटायचा. "एक. दोन. तीन. बघ आता, बाप येतो का." बाप आला की मूठ बंद. "झाला निरोप समारंभ." हा नियम एकदाही चुकला नाही. आईला तो अजिबात आवडायचा नाही. "दुसरं काहीतरी लावा," म्हणायची, पण उंबऱ्यातून उठायची नाही.

दादाला चौथीत सांधेताप झाला होता. गुडघे सुजले, उतरले, ताप गेला, पण जाता जाता हृदयाची एक झडप बिघडवून गेला. तेव्हापासून ठरलेल्या दिवशी कमरेत इंजेक्शन, आणि दुसऱ्या मजल्यावर यायला मध्ये एक बैठक. जिन्याच्या वळणावर बसून तो खालून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचा, "दमलो नाही, गडाची टेहळणी करतोय." बारावीनंतर त्याने कॉलेजात नाव घातलं, पण वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. मुंबईला झडप बदलायची असं ठरलं होतं. तिथे नंबर लागायचा होता. आम्ही सगळे त्या नंबराकडे डोळे लावून बसलो होतो. आई देवाला एकच मागायची, नंबर लागेपर्यंत सांभाळ. बाकी त्याच्या आजाराबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. राहणार की जाणार हे टीव्हीतल्या माणसांबद्दल विचारायचं होतं, घरातल्यांबद्दल नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर थंडी फार पडली, आणि दादाला ताप यायला लागला. रोज दुपारी चढायचा, पहाटे घाम येऊन उतरायचा. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ॲडमिट करू." मी चौदा वर्षांची होते. ॲडमिट म्हणजे बरं करायला नेतात, असं मला वाटलं होतं.

दवाखान्यात लांबलचक वॉर्ड होता. दादाची कॉट खिडकीजवळ मिळाली. पहिल्या दिवशी अण्णा आमच्याबरोबर आत आले. धोतर, खांद्यावर उपरणं, मागे शेंडी, रोजच्यासारखे. आम्ही कॉटपर्यंत पोचेपर्यंत वॉर्डमधलं बोलणं थांबत गेलं. पहिल्या कॉटवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा उठून उभा राहिला. त्याच्या आईचं सगळं अण्णांनीच केलेलं. पलीकडच्या एका बाईने नवऱ्याच्या तोंडावर पांघरूण ओढलं, अण्णांचं तोंड त्याला दिसू नये म्हणून. कुणी वाईट शब्द काढला नाही. सगळे हात जोडूनच होते. थोड्या वेळाने सिस्टर आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "काका, तुम्ही बाहेर थांबलात तर बरं होईल. पेशंट घाबरतात."

"बरोबर आहे तुमचं," अण्णा म्हणाले. त्यांनी दादाच्या पावलावर हात ठेवला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते दादाची पँट आणि स्वेटर घालून, शेंडी माकडटोपीत कोंबून आले. मला ते बघून हसूच आलं. अण्णांना मी पहिल्यांदाच पँटमध्ये बघत होते. पण वॉर्डच्या दारापर्यंतही पोचले नाहीत. जिन्यातच कुणीतरी वाकून नमस्कार केला, "गुरुजी, तुम्ही इकडे कुठे?" अर्ध्या जिल्ह्याला त्यांचा चेहरा पाठ होता. त्या दिवसापासून ते खालीच थांबायला लागले. आवारात बदामाचं झाड होतं, त्याच्या पारावर. घाटावरचं काम आटोपून, आंघोळ करून, तीच टोपी नि स्वेटर घालून यायचे आणि संध्याकाळपर्यंत तिथे बसायचे. मी वर-खाली करून निरोप द्यायचे. ताप किती, काय खाल्लं, सलाइन चालू की बंद.

त्याच आठवड्यात एका दिवशी मामा आला. पाठोपाठ कॉलेजातली दोन मुलं आली. मग ज्यांच्याशी आमचं नळाच्या पाण्यावरून वाकडं होतं ते शेजारीही मोसंबी घेऊन आले, आणि दादाच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. सगळे गोड बोलत होते. ते गेल्यावर आई चादर सरळ करायला वाकली तेव्हा तिला चादरीखाली दादाचा उजवा हात दिसला. चार बोटं मिटलेली होती. अंगठा तेवढा उघडा.

आईने चादर तशीच खाली टाकली. बाहेर व्हरांड्यात येऊन मला म्हणाली, "आजपासून कुणाला वर सोडायचं नाही. कुणालाही नाही. आणि अण्णांना तर नाहीच."

बाहेरच्या माणसाला यात वेडेपणा दिसेल. आम्हाला दिसला नाही. एक तर अण्णांच्या वर येण्याने लोकांना त्रास होताच. त्यात हे. अण्णा कॉटजवळ जाऊन उभे राहिले की दादाची मूठ बंद होणार, आपलं आता काही खरं नाही अशी त्याची खात्री पटणार, आणि त्याचा धीर सुटणार. आईने हे खाली जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं की कावळा, शकुन, नियम, यापेक्षा माणसाचं मन मोठं असतं. आईला ते फक्त म्हणाले, "नाही जात मी वर." आणि पारावर जागेवर बसले.

मग आई फाटकाशी उभी राहून लोकांना परत पाठवायला लागली. झोपलाय, डॉक्टरांनी मना केलंय, बरा झाला की घरीच या. फुलवाली मावशी तर रिकामी पाटी डोक्यावर घेऊन मखमलाबादपर्यंतची बस सोडून आल्या होत्या. त्यांनाही तिने सोडलं नाही. मावशींनी माझ्या हातात शेवंतीची चार फुलं ठेवली आणि गेल्या. फुलं वॉर्डात चालत नसत, म्हणून मी ती खालीच टाकली.

मी वर गेले तर दादाने माझा हात ओढून नाकाशी नेला. "मावशी आली होती."

"नाही."

"शेवंती आहे ही. खोटं बोलू नको. वर का नाही आली?" मी त्याची उशी सारखी केली. "आणि अण्णा? ते कुठे असतात?"

"खाली. झाडाखाली."

"रोज?"

"रोज."

त्याने उठून खिडकीतून बघायचा प्रयत्न केला, पण खिडकीची पट्टी उंच होती आणि त्याच्यात तेवढं बळ राहिलं नव्हतं. परत उशांवर टेकला. मग मी त्याला सगळं सांगितलं. चादर, चार बोटं, आईचं फर्मान. मला वाटलं तो चिडेल. तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला.

"वेडे आहात सगळे," तो म्हणाला. "अगं, तो नियम मालिकेतला आहे. तिथे लिहिणाऱ्याला आधीच माहीत असतं कोण जाणार, म्हणून तो एकेकाला तंबूत पाठवतो. इथे कुणाला काय माहीत आहे? इथे कुणी भेटायला आलं की बरं वाटतं, एवढंच. मी बोटं मोजत होतो ती कोण कोण आलं हे लक्षात राहावं म्हणून. दिवसभर करायचं काय इथे?"

थोडा वेळ त्याने श्वास जमवला. "जा, अण्णांना घेऊन ये. म्हणावं, मला भेटायचंय."

मी जिना दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरले. इतका आनंद मला त्या दिवसांत दुसऱ्या कशाने झाला नव्हता. अण्णांना सांगितलं तर ते लगेच उठले. टोपी सारखी केली, स्वेटर खाली ओढला आणि माझ्या पुढे चालायला लागले.

वॉर्डच्या दारातच एक बाई बसली होती. चांदवडकडची. नवरा दोन दिवसांपूर्वी आणलेला, दारालगतच्याच कॉटवर होता, नाकात नळी. तिने अण्णांकडे पाहिलं आणि टोपी असूनही ओळखलं. उठून आडवी आली. अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं तिने.

"गुरुजी, पाया पडते तुमच्या. आमच्या सासूबाईंचं समदं तुमीच केलं. लय पुण्य तुमचं. पण आता आत नका येऊ. माझा मालक हाय हितं. दोन लहान पोरं हायेत मला."

मी ओरडले, "त्यांचा मुलगा आहे आत!" तिला ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही. तिने पाय धरूनच ठेवले होते. वॉर्डातून सगळे बघत होते. पलीकडे खिडकीजवळ दादा कोपरावर उठून बसला होता. अण्णांना तो दिसत होता, त्याला अण्णा दिसत होते. मध्ये दहा-बारा कॉट्स. अण्णांनी हात वर केला. दादानेही केला.

मग अण्णा खाली वाकले, त्या बाईचे हात हळूच सोडवले आणि म्हणाले, "बरे होतील तुमचे मालक. रडू नका." आणि वळून जिना उतरून गेले.

मी दादाजवळ गेले. तो परत आडवा झाला होता. "गेले?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी येतील. सिस्टरना सांगून तुझी कॉट दुसरीकडे घेऊ. व्हरांड्यात घेऊ. तिथे कुणी काही बोलणार नाही."

"हो," तो म्हणाला. "तसं करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांकडे निफाडकडच्या एका घरचं दहाव्याचं काम होतं. आधीच शब्द दिलेला. ते उरकून ते येणार होते. आई सिस्टरशी कॉटबद्दल बोलत होती, आणि मी चहा आणायला खाली गेले होते. मी परत येईपर्यंत दादा गेलेला होता. मामा सायकल काढून रामकुंडावर गेला. तो सांगायचा, अण्णा त्या वेळी कुणाच्या तरी मुलाला पाण्यात ओंजळ कशी धरायची ते दाखवत होते. मामाला बघून त्यांनी ओळखलं. पण त्यांनी त्या मुलाची ओंजळ पुरी होऊ दिली, पाणी सोडू दिलं, आणि मगच ते पायऱ्या चढले.

चांदवडच्या बाईचा नवरा बरा होऊन घरी गेला. मामाने कुणाकडून तरी ऐकलं. मी तिच्यावर रागावले नाही असं म्हणणार नाही. वर्षानुवर्षं रागावले. पुढे माझं लग्न झालं, मूल झालं, एकदा मुलीला तापात झटका आला आणि दवाखान्याच्या बाकावर रात्र काढावी लागली, तेव्हा मला कळलं की मीसुद्धा कुणाचेही पाय धरून कुणालाही दारात अडवलं असतं. राग तेव्हा गेला. दुःख मात्र तेवढंच राहिलं.

मालिका त्यानंतर आणखी काही महिने चालली आणि एका रविवारी अचानक बंद झाली. शेवट दाखवलाच नाही. त्या दिवशी जे जिवंत होते ते तसेच राहिले. दादाने शेवटपर्यंत कोण कोण राहणार ते सांगून ठेवलं होतं, ते खरं की खोटं हे कळायला मार्ग उरला नाही. मावशी रविवारी येईनाशा झाल्या. आईने टीव्हीवर क्रोशाचं झाकण घातलं आणि ते बरीच वर्षं काढलं नाही.

दहावा दिवस तेवढा सांगायचा आहे.

दादाचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून सगळं अण्णांनीच करायचं होतं. विधी सांगायला आले ते अण्णांचे घाटावरचे स्नेही, वयाने मोठे, आमच्याकडे येऊन-जाऊन असणारे. दादाची मुंज त्यांनीच लावली होती. सकाळची वेळ, कडाक्याची थंडी, पाण्यावर धुकं. बायकांनी घाटावर येऊ नये असं मामा म्हणत होता, पण मी ऐकलं नाही. आईला आणि मला वरच्या पायरीवर बसवलं.

अण्णा आले, पाण्यात उतरून बुडी मारली, आणि सवयीने जाऊन गुरुजींच्या पाटावर बसले. दर्भ, तीळ, पळी पुढे ओढून घेतली. त्यांचे स्नेही उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, "तुम्ही इकडे समोर या." अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि उठून समोरच्या बाजूला, जिथे मागे राहिलेली माणसं बसतात तिथे जाऊन बसले.

प्रत्येक वेळी पाणी सोडताना गेलेल्याचं गोत्र आणि नाव घ्यावं लागतं, आणि नावाला प्रेत हा शब्द जोडून म्हणावं लागतं. हा शब्द लोकांच्या तोंडून निघत नाही. कुणी नाव घेऊन थांबतं, कुणी पुटपुटतं. अण्णा अशा माणसांना समजवायचे, "लाजू नका, घाबरू नका, स्पष्ट म्हणा. म्हटल्याशिवाय त्याला पाणी पोचत नाही." किती जणांकडून त्यांनी ते म्हणवून घेतलं असेल.

स्नेही गुरुजींनी गोत्र सांगितलं. अण्णांनी म्हटलं. मग गुरुजी म्हणाले, "नाव."

अण्णांच्या ओंजळीत पाणी होतं, तीळ होते. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं. गुरुजींनी पळीने पुन्हा घातलं आणि पुन्हा म्हणाले, "नाव घ्या."

अण्णांनी नाव घेतलं. नुसतं नाव, पुढचा शब्द न लावता. गुरुजींनी वाट पाहिली. अण्णांनी पुन्हा नाव घेतलं. आता ते मंत्रातल्यासारखं नव्हतं, घाटावरून आले की खालच्या नळावरून दादाला हाक मारायचे तसं होतं. मग ओंजळ तशीच धरून, पाण्याकडे बघत, साध्या घरातल्या आवाजात ते म्हणाले, "मी आलोय रे. आलोय मी."

गुरुजींनी त्यांना शब्द जोडायला सांगितलं नाही. ओंजळीतलं पाणी संपलं की ते पुन्हा घालत राहिले.